दोन दिवसांची दुभाषी

दिवसाला अडीच हजार, जेवण त्यांच्याकडून,
आणि गळ्यात निळी दोरी.
जर्मन मी राजारामपुरीतल्या एका माडीवर शिकले.
खाली फोटोफ्रेमचं दुकान. डेर, डी, डास म्हणताना
खालून काच कापल्याचा आवाज यायचा.
अजूनही काही नामांआधी
ती करकर ऐकू येते मला.

पहिला दिवस आयटीआयत गेला.
रांगोळी, दोन झेंडे. त्यांचा उलटा लागला होता,
स्टोअरच्या बुचडेबाईंनी पळत जाऊन सुलटा केला.
मग प्राचार्यांचं भाषण, मग त्यांचं.
द्विपक्षीय. सहकार्य. आराखडा.
हे शब्द सोपे जातात.
दोन्हीकडे रिकामेच असतात ते,
या डब्यातून त्या डब्यात ओतले
तरी काही सांडत नाही.

दुसऱ्या दिवशी शिरोली. फाउंड्री.
फ्राऊ हाइनेकेंच्या हातात छत्तीस रकान्यांचा तक्ता:
कोणतं काम कोणत्या पातळीचं,
इकडचं किती तिकडे धरायचं.
दस्तगीर मुजावर साच्यापाशी उकिडवे बसलेले.
अनुभव एकतीस वर्षं. शिक्षण सातवी,
"ती बी अर्धी," त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं.
शेजारी प्रणोती, त्यांची अप्रेंटिस.
तिकडे जाणाऱ्या सात जणांच्या यादीत
तिचं नाव पाचवं.

वाळू तयार झाली हे यांना कसं कळतं?
बाईंनी विचारलं. मी विचारलं.
मामांनी मूठभर उचलली, दाबली, मूठ उघडली.
बोटांचे वळ उठलेला काळा गोळा.
तो मधोमध मोडला. कडा ढासळली नाही.
"वाफसा आला की कळतंय की.
त्यात काय सांगायचं?"

आणि मी अडकले.

कागलला आमचं रान आहे.
पाऊस उघडल्यावर काका रोज बांधावर जाऊन
ढेकूळ फोडून बघायचे. पायाला चिकटत नाही,
धूळही उडत नाही, असा एखादाच दिवस.
त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.
हे सगळं एका वाक्यात कसं नेऊ?
ओल म्हणू? ओल चिखलालाही असते.
फॉइश्टिगकाइट, मी म्हणाले. योग्य तो दमटपणा.

"किती टक्के?" बाईंनी लगेच विचारलं.

मामा हसले. "टक्के लॅबमधल्या पोराला इचारा.
त्याची मशीन साडेतीन दावती.
पर मशीन लावायच्या आदी
त्यो माझ्याकडंच येतोय."

हे मी शब्दाला शब्द सांगितलं.
बाईंनी मान हलवली, एकोणिसाव्या रकान्यात लिहिलं:
अनुभवातून आलेलं. प्रमाणपत्र देता येत नाही.
मी ते उलट्या बाजूनं वाचलं.
मामांनी विचारलं, "काय लिवलं?"
"चांगलं लिहिलंय," मी म्हणाले.
दोन दिवसांत तेवढंच एक
माझं स्वतःचं वाक्य.

बाई भट्टीकडे वळल्यावर प्रणोती हळूच म्हणाली,
"ताई, वाळूला काय म्हणत्यात तिकडं?"
झांड.
"आणि वाफशाला?"
"मला येत नाही गं. तू गेलीस की बघ.
सापडला तर फोन कर."
तिनं ओठांत दोनदा घोळवला, झांड, झांड,
आणि विसरू नये म्हणून
समोरच्या साच्यातच बोटानं लिहायला लागली.

"ए, साच्यात लिवतीस व्हय?" मामा खेकसले.
"लोखंडात उलटं उमटंल!"
हातातल्या करणीनं त्यांनी ते सारखं केलं.
अनुस्वार नीट बुजला की नाही
मला दिसलं नाही.
कुणीतरी "सरका, सरका" ओरडलं
आणि रस आला.